धूर किती यापेक्षा धूर कुठे? : कर्क स्मिथ आणि चुलीपुढची हवा

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळले ते काढून टाकलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

इअरफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि बसमध्ये उभ्या उभ्या, आवाज बंद ठेवून हे वाचणाऱ्यांनाही.

आज एक छोटं काम करून मग पुढे जाऊ. मोबाइलवर तुमच्या गावाचा किंवा शहराचा एक्यूआय बघा. बघितलात? हिरवा असेल तर बरं वाटलं असेल, लाल असेल तर 'बापरे' म्हणून स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकावासा वाटला असेल.

आता हा आकडा येतो कुठून? शहरात काही ठिकाणी हवा मोजणारी यंत्रं बसवलेली असतात. कुठे एखाद्या सरकारी इमारतीच्या गच्चीवर, कुठे कॉलेजच्या आवारात. ते यंत्र तिथली हवा ओढून घेतं, हवेतले कण आणि वायू मोजतं, आणि त्यावरून काढलेला आकडा तुमच्या मोबाइलवर येतो. उपयोगाची गोष्ट आहे, मीही रोज बघते. पण एक प्रश्न राहतोच. त्या गच्चीवर श्वास कोण घेतंय? बहुतेक कबुतरं.

आपण चोवीसातले बहुतेक तास घरात, वर्गात, ऑफिसात, गाडीत, स्वयंपाकघरात असतो. मग आपल्या फुप्फुसात नेमकं काय जातं, हे गच्चीवरच्या यंत्राला कसं कळणार? हा साधा वाटणारा प्रश्न एका संशोधकाने जवळजवळ चाळीस वर्षं लावून धरला. त्याचं नाव कर्क स्मिथ. माणूस अमेरिकेतला, कॅलिफोर्नियाचा. पण त्यांच्या कामाची खरी सुरुवात झाली ती आपल्या शेजारी, गुजरातच्या खेड्यांत.

चार गावं, एक पंप

स्मिथ यांचा जन्म १९४७चा. शिक्षण बर्कलीला. सुरुवातीला त्यांचा विषय होता अणुऊर्जेचे धोके. पुढे ते हवाईमधल्या ईस्ट-वेस्ट सेंटर या संस्थेत ऊर्जेवर काम करू लागले. तो काळ असा होता की गावातल्या सरपणाची चर्चा निघाली की जंगलतोडीबद्दल बोललं जायचं. लाकूड किती जळतं, झाडं किती उरतील, वगैरे. आणि हवेच्या प्रदूषणाची चर्चा निघाली की कारखाने, मोटारी, लंडन, लॉस एंजेलिस. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी येतं ही गोष्ट या दोन्ही चर्चांच्या मधल्या फटीत पडून राहिलेली. सगळ्यांना दिसायची, पण 'प्रदूषण' म्हणून तिची नोंद कोणी घेत नव्हतं.

१९८१ साली स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या चार गावांत मोजणी केली. पद्धत समजून घ्या, कारण सगळी गंमत त्या पद्धतीत आहे. यंत्र गावच्या चावडीवर ठेवलं नाही. मोजायचं साधन स्वयंपाक करणाऱ्या बाईच्याच अंगावर दिलं. एक छोटा पंप हवा ओढतो, ती हवा एका गाळणीतून जाते, कण गाळणीवर अडकतात. आधी गाळणीचं वजन करायचं, नंतर करायचं. फरक म्हणजे त्या बाईच्या नाकाशी आलेला धूर.

निकाल काय आला? स्वयंपाकाच्या वेळात हवेच्या दर घनमीटरमागे सरासरी जवळपास ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम कण. त्यात लहानमोठे सगळेच कण होते, त्यामुळे आजच्या पीएम २.५च्या आकड्याशी थेट तुलना करू नका. पण अंदाजासाठी सांगते: १९९४च्या आपल्या राष्ट्रीय मानकांत निवासी भागासाठी अशा सगळ्या तरंगत्या कणांची २४ तासांची मर्यादा होती २०० मायक्रोग्रॅम. स्वयंपाकाचे काही तास आणि अख्खा दिवस यांत फरक आहे हे धरलं, तरी ७,००० कुठे आणि २०० कुठे!

धुरात बेन्झोपायरीनही सापडलं. हा सिगारेटच्या धुरातही असणारा, कॅन्सरशी संबंध असलेला पदार्थ. म्हणजे आयुष्यात कधी विडी न ओढलेली बाई रोज दोन वेळा, नेमाने, धूर आत घेत होती. हा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला.

हजारपटीचा हिशेब

यावर एक आक्षेप येतोच. 'अहो, एका चुलीचा धूर तो केवढा! एखाद्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीपुढे त्याची काय गणती?'

स्मिथ यांचं उत्तर असं: चिमणीतून किती धूर बाहेर पडला, हा अर्धाच प्रश्न आहे. त्यातला कितीसा कोणाच्या तरी छातीत गेला, हा उरलेला अर्धा.

म्हणजे बघा. वस्तीपासून लांब, उंच चिमणीतून कण बाहेर पडले. ते वाऱ्याने पसरतात, पातळ होतात, पावसात धुऊन जातात, जमिनीवर बसतात. माणसाच्या श्वासात जाणारा वाटा अगदी नगण्य, साधारण दहा लाखांत एक भाग. तेच कण बंद स्वयंपाकघरात सोडा. तिथे माणूस हातभर अंतरावर बसलेला आहे. वारा नाही, जागा कमी, वेळ भरपूर. इथे हाच वाटा होतो साधारण हजारात एक भाग. म्हणजे घरात निघालेला एक ग्रॅम धूर बाहेर लांब निघालेल्या एक ग्रॅम धुराच्या हजारपट जास्त प्रमाणात माणसाच्या आत जातो.

हा ठोकताळा आहे, काटेकोर नियम नव्हे. चूल कुठली, खोली केवढी, चिमणी किती उंच यावर आकडा खालीवर होतो. पण यातून विचार करायची सवय बदलते. वीज केंद्र निर्दोष आहे असा याचा अर्थ काढू नका, त्याचा धूर टनांनी असतो आणि लाखो लोकांवर पसरतो. मुद्दा एवढाच की छोटी चूल छोटी म्हणून सोडून देता येत नाही.

गणित करून बघू

यासाठी शास्त्रज्ञांचा एक शब्द आहे, 'एक्स्पोजर'. मराठीत मी त्याला 'वाट्याला आलेला धूर' म्हणते. हवेत किती आहे, आणि त्या हवेत तुम्ही किती वेळ आहात, या दोन्हींचा तो हिशेब.

समजण्यासाठी सोपे आकडे धरू. हे मोजलेले नाहीत, फक्त गणितासाठी घेतलेत. एका गावात बाहेरची हवा ४० मायक्रोग्रॅम पीएम २.५. चुलीपुढे ६००. घरातली बाई दिवसाला तीन तास चुलीपुढे, उरलेले एकवीस तास बाकीच्या हवेत.

३ गुणिले ६०० म्हणजे १,८००. २१ गुणिले ४० म्हणजे ८४०. बेरीज २,६४०. भागिले २४. उत्तर ११०.

गावाच्या हवेचा आकडा ४०, पण तिच्या वाट्याला ११०. त्याच घरातला, दिवसभर शेतात असणारा भाऊ कदाचित ४०च्या जवळ असेल. आणि तिच्या मांडीवर किंवा पाठीशी असलेलं तान्हं बाळ? ते तिच्या जवळपास. एकाच घरात, एकाच छपराखाली, तिघांची हवा वेगळी. मोबाइलवरच्या ॲपला मात्र तिघंही सारखेच.

संदर्भासाठी: जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलेली पीएम २.५ची २४ तासांची मर्यादा १५ आहे, वर्षाच्या सरासरीची ५. भारताची मर्यादा अनुक्रमे ६० आणि ४०.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड, म्हणजे हे कण त्याच्या वीस-तीस पट बारीक. नाकातले केस, घशातला चिकटपणा यांना चुकवून ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. तिथे सूज येते, आणि परिणाम छातीपुरता राहत नाही. हृदयविकार, पक्षाघात, दमट्यासारखी जुनाट धाप म्हणजे सीओपीडी, फुप्फुसाचा कॅन्सर, लहान मुलांचा न्यूमोनिया. या सगळ्यांशी धुराचा संबंध दाखवणारे अभ्यास आहेत.

सीओपीडी म्हटलं की डॉक्टरसुद्धा आधी 'सिगारेट ओढता का?' विचारतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीचा मोठा आढावा घेतला. चुलीच्या धुराला त्यात महत्त्वाची जागा होती. एखाद्या आजीला जिना चढताना धाप लागते, आणि घरचे म्हणतात वय झालं. तिने पन्नास वर्षं चूल फुंकली, ही माहिती केसपेपरवर येतच नाही.

ग्वाटेमालातली परीक्षा

मोजणी झाली, आकडे भयंकर निघाले. पण धोरण आखणारे विचारणारच: 'धुरामुळेच आजार होतो कशावरून? चुलीवर स्वयंपाक करणारं घर गरीबही असतं. तिथे खाणं कमी, पाणी खराब, दवाखाना लांब. दोष धुराचा की गरिबीचा?'

प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर मिळवायला नवीन औषधाची चाचणी करतात तशी चाचणी करावी लागते. स्मिथ आणि सहकाऱ्यांनी ती मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात केली. तिथली माया समाजातली कुटुंबं घरात उघड्या जाळावर स्वयंपाक करायची. जिथे गरोदर बाई किंवा अगदी तान्हं बाळ आहे अशी ५३४ घरं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, कोणाची निवड न करता, निम्म्या घरांना चिमणीची पक्की चूल दिली. उरलेल्या घरांना तीच चूल अभ्यास संपल्यावर दिली. कार्यकर्ते दर आठवड्याला घरी जाऊन बाळांची तब्येत बघायचे.

२०११ साली निकाल प्रसिद्ध झाला. स्वयंपाकघरातला धूर सुमारे ९० टक्के कमी झाला. पण बाळांच्या वाट्याला आलेला धूर? तो फक्त निम्म्यावर आला. कारण चिमणीने धूर नाहीसा केला नव्हता, तो छपरावरून बाहेर काढला होता. तो अंगणात होता, शेजारच्या घरात होता. आणि बाळही काही सारा दिवस स्वयंपाकघरात नसतं.

आणि आजार? डॉक्टरांनी तपासून सांगितलेला एकूण न्यूमोनिया कमी दिसला, पण तो फरक योगायोगाने आला नाही असं ठामपणे म्हणता येईल इतका मोठा नव्हता. गंभीर न्यूमोनिया मात्र साधारण एक तृतीयांशाने कमी झाला. बाळं ज्याने दगावतात तो हाच.

भाजीतल्या मिरच्या

धूर निम्मा झाला तर आजार निम्मा का होत नाही?

समजा भाजीत दहा मिरच्या पडल्यात. त्यातल्या चार काढल्या. तिखटपणात काय फरक पडला? डोळ्यांतून पाणी तेवढंच. पण दोन मिरच्यांची भाजी असेल आणि दोन्ही काढल्या, तर पोराबाळांनाही खाता येते. धुराचं बरंचसं असंच आहे. खूप धूर असताना थोडा कमी केला तर शरीराला फार फायदा होत नाही. फायदा दिसायला लागतो तो अगदी खालच्या पातळीवर आल्यावर. सिगारेट, दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, शहरातली हवा आणि चूल असे चारही ठिकाणचे अभ्यास एका आलेखावर मांडून ही वक्ररेषा काढणाऱ्या संशोधकांत स्मिथही होते.

याचा व्यवहारातला अर्थ कडू आहे. 'थोडी बरी चूल' पुरत नाही.

आपल्याकडे हे आधी होऊन गेलंय. १९८०च्या दशकात भारत सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि २००२ पर्यंत चालवला. तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या. गावाकडे कोणाला विचारलंत तर 'निर्धूर चूल' हा शब्द आठवेल. पण चूल दिली म्हणजे ती वापरली जातेय असं नाही. धुराडं तुंबतं, मोठं लाकूड आत जात नाही, भाकरीला हवी तशी आच मिळत नाही. मग शेजारी तीन दगड मांडले जातात.

चूल सुधारायची की गॅस द्यायचा?

इथे स्मिथ यांनी आपल्याच क्षेत्रातल्या लोकांना न आवडणारी भूमिका घेतली. २०१४ साली दिल्ली आयआयटीचे अंबुज सागर आणि त्यांनी एकत्र लिहिलेल्या लेखाचा मुद्दा थोडक्यात असा. इतकी वर्षं आपण जे हाताशी आहे, म्हणजे लाकूड आणि शेणी, ते स्वच्छ जाळायचा प्रयत्न करतोय. त्यापेक्षा जे मुळातच स्वच्छ आहे, म्हणजे गॅस आणि वीज, ते गरिबांच्या हाताशी आणा. शहरातल्या श्रीमंताला गॅस, आणि गावातल्या गरिबाला 'सुधारित' चूल, असं का?

गॅस जमिनीतलं इंधन आहे, मग हवामानबदलाचं काय, असं त्यांना विचारलं जाई. त्यावर त्यांचं म्हणणं असं की जगातल्या गरिबांनी स्वयंपाकापुरता गॅस वापरला तर त्याने पृथ्वी फारशी तापत नाही. ती तापवणारे दुसरेच आहेत. आणि हे म्हणणारा माणूस हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०१४च्या अहवालात आरोग्याच्या प्रकरणाचा एक प्रमुख लेखक होता.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशात बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली. स्मिथ तिचे जाहीर समर्थक होते. जोडण्या भराभर वाढल्या. आठ कोटीवी जोडणी दिली गेली ती आपल्याच मराठवाड्यात, ७ सप्टेंबर २०१९ रोजी, तेव्हाच्या औरंगाबादेत.

टाकी आली, पुढे काय?

आता मघाचं गणित पुन्हा काढू. घरात गॅस आला. चहा, भाजी, वरण गॅसवर. पण भाकऱ्या आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, कारण टाकी पुरवायचीय. चुलीपुढचे तास तीनाचे झाले एक.

१ गुणिले ६०० म्हणजे ६००. २३ गुणिले ४० म्हणजे ९२०. बेरीज १,५२०. भागिले २४. उत्तर ६३.

११० वरून ६३. चांगलं आहे, पण आपल्या देशाच्या ६०च्या मर्यादेच्याही वरच. चूल पूर्ण विझली तर ४०. तो शेवटचा एक तासच जड जातो.

आणि तो तास का उरतो, याचं उत्तर बहुतेक वेळा पैशात असतं. लाकूड, पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या 'फुकट' असतात, म्हणजे बाईच्या वेळेच्या आणि पाठीच्या मोलाने मिळतात. टाकीला रोख पैसे एकदम मोजावे लागतात. उज्ज्वलाच्या ग्राहकांना सरकारने मे २०२२ मध्ये टाकीमागे २०० रुपये अनुदान सुरू केलं, ऑक्टोबर २०२३ पासून ते ३०० केलं. तरीही २०२३-२४ मध्ये या घरांनी वर्षाला सरासरी चारच्या आसपासच टाक्या घेतल्या. चार माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक वर्षभर चार टाक्यांत बसवून दाखवा! म्हणजे कागदावर 'गॅसधारक', आणि मागच्या पडवीत चूल चालू.

हे कसं कळतं? विचारून नीट कळत नाही. पाहुण्याने विचारलं की 'गॅसवरच करतो' म्हणायची रीत असते. म्हणून स्मिथ यांच्या गटाने चुलीलाच बोलतं केलं. बटणाएवढा तापमानाचा सेन्सर चुलीला आणि शेगडीला लावायचा. कुठली कधी तापली, किती वेळ तापली, सगळं आपोआप नोंदलं जातं. धूर मोजायला त्यांनी असंच एक स्वस्त यंत्र बनवलं. अमेरिकेतल्या घरांत छताला आगीचा अलार्म असतो ना, त्यातल्या धूर ओळखणाऱ्या भागावरून. महागडं यंत्र घेऊन दहा घरं मोजण्यापेक्षा स्वस्त यंत्राने शेकडो घरं मोजता आली.

अशा सेन्सरचा वापर महाराष्ट्रातही झाला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरच्या वढू इथल्या ग्रामीण आरोग्य कार्यक्रमातले संशोधक आणि स्मिथ यांचा गट यांनी मिळून गरोदर बायकांना गॅस देऊन त्या तो किती वापरतात ते पाहिलं. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरोदर बाईच का? कारण तिथे एका श्वासावर दोन जीव असतात, आणि गरोदरपणात तपासणीसाठी आरोग्य यंत्रणेशी तिचा संबंध येतोच. धूर कमी करणं ही लोहाच्या गोळ्यांसारखीच आरोग्याची गोष्ट आहे, असा त्यामागचा विचार.

शेजारच्या घराचा धूर

अजून एक गोष्ट, कारण 'आमच्याकडे गॅस आहे, आम्हाला काय' असं कोणाला वाटत असेल. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, भारतातल्या बाहेरच्या हवेतलं पीएम २.५ कुठून येतं याचा हिशेब मांडला. २०१५ साली लोकांच्या वाट्याला येणाऱ्या या कणांत सर्वांत मोठा वाटा होता घरगुती सरपण-गोवऱ्यांचा. सुमारे एक चतुर्थांश. म्हणजे ग्वाटेमालातला छपरावरून बाहेर गेलेला धूर इथेही आहेच. एका घराने चूल विझवून भागत नाही, सगळ्या आळीची विझावी लागते. लसीकरणात कसं, सगळ्या गावाने घेतली तर सगळं गाव वाचतं, तसंच हे.

आणि आता न आवडणारा निकाल

स्मिथ १५ जून २०२० रोजी गेले. त्यानंतर एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांतल्या ३,२०० गरोदर बायका त्यात होत्या. निम्म्या जणींना शेगडी आणि दीड वर्ष मोफत गॅस. भारतातलं काम तमिळनाडूत, डॉ. कल्पना बालकृष्णन यांच्या नेतृत्वाखाली झालं. त्यांनी स्मिथ यांच्याबरोबर खूप वर्षं काम केलंय.

गॅसवाल्या बायकांच्या वाट्याचं पीएम २.५ साधारण ७० वरून २४ वर आलं. भारी ना? पण बाळांच्या जन्माच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. बाळांच्या गंभीर न्यूमोनियातही नाही.

हे मी मुद्दाम सांगतेय. आवडता निकाल सांगायचा आणि नावडता गिळायचा, हे विज्ञान नव्हे. मग धूर निरुपद्रवी आहे का? तसं म्हणता येत नाही. एक तर २४ हा आकडासुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेहून वरचाच. दुसरं, गॅस मिळाला तो गरोदरपण सुरू झाल्यावर; आईच्या छातीत आधीची वीस-पंचवीस वर्षं साठलेली आहेत. तिसरं, हृदयविकार, पक्षाघात, सीओपीडी हे मोठ्यांचे आजार दीड वर्षात दिसत नाहीत. यावर संशोधकांचा वाद चालू आहे, चालूच राहील. पण 'गॅस दिला की लगेच बाळं गुटगुटीत' असं सोपं चित्र कोणी रंगवत असेल, तर ते खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुरामुळे ३२ लाख माणसं अकाली गेली. त्यातली पाच वर्षांखालची मुलं २,३७,०००हून जास्त. एवढी मोठी गोष्ट एका चाचणीने सुटतही नाही आणि मिटतही नाही.

आपल्या खोलीतलं

आता इअरफोनवाल्या शहरी मंडळींसाठी. तुमच्या पीजीत चूल नसेल. पण डासांची कॉइल? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं: एक कॉइल जळून निघणारं पीएम २.५ हे ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या पीएम २.५ एवढं भरलं. आता ती कॉइल कुठे असते? बंद खिडकीच्या दहा बाय दहाच्या खोलीत, उशाशी, आठ तास. हजारपटीचा हिशेब आठवला का? बाहेरचा एक्यूआय बघून आपण मास्क लावतो आणि रात्री हे उशाशी लावून झोपतो. मच्छरदाणी जुनाट वाटते खरी, पण तिला धूर नाही.

म्हणून यापुढे हवेबद्दल कुठलाही आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. हे कुठे मोजलं? तिथे श्वास कोण घेतंय? आणि किती वेळ?

आणि ज्यांचं गावी घर आहे, त्यांच्यासाठी आठवड्याचं काम. घरी फोन कराल तेव्हा 'गॅस आहे ना?' असं विचारू नका, उत्तर 'हो' येणार. विचारा, 'या वर्षात टाक्या किती लागल्या? आणि पाणी कशावर तापतं?' उत्तर दोन-तीन टाक्या आणि चुलीवर असं आलं, तर पुढची टाकी तुमच्या मोबाइलवरून बुक करता येते, पैसेही तिथूनच भरता येतात. आईला, मावशीला, आजीला रोजचा तो एक तास मिळेल.

काय उत्तर आलं ते मला व्हॉइस मेसेज करून नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर खिडकी उघडी ठेवा, आणि आधी बघून घ्या, बाहेर कोणी कचरा तर जाळत नाहीये ना!